वासूनानांचा रॉबिन

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत मी एका घराचा वरचा मजला घेतला, तेव्हा खाली दोन बिऱ्हाडं राहतात अशी माझी समजूत झाली होती. सकाळी खालून वेदपठण ऐकू यायचं, खणखणीत आणि एका दमातलं. दुपारी जेवणं उरकली की त्याच खोलीतून गिटार, ड्रम आणि कुणा साहेबाचं लांबच लांब सूर धरलेलं गाणं. मी साताऱ्याचा, बँकेनं उचलून काशीत आणून टाकलेला. त्या दिवसांत घाटाघाटांवर गोऱ्यांचा सुळसुळाट होता, तेव्हा एखादा गोरा पेइंग गेस्ट असेल असं मी धरून चाललो. एकदा नळाला पाणी नाही हे सांगायला खाली उतरलो, तर रेकॉर्डप्लेअरसमोर मांडी घालून, डोळे मिटून, शेंडीला गाठ मारलेले एक पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ बसलेले. डोळे न उघडताच त्यांनी एक बोट वर केलं. मी दारात उभा राहिलो. गाणं पुरतं संपल्यावर ते म्हणाले, "हां, आता बोला. पाणी नाही ना? पाणी आज कुणाकडेच नाही."

हे वासूनाना. घराणं पेशवाईत कोकणातून काशीला आलेलं, दशग्रंथी ऋग्वेद्यांचं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं त्यांच्या घरच्या चौकात होत. ते स्वतः मात्र महाराष्ट्रात एकदाच गेले होते, थोरल्या बहिणीच्या लग्नाला, आणि तिकडचं मराठी त्यांना फार तुसडं वाटलं होतं. त्यांच्या मराठीत मतलब, आराम, बेकार असे शब्द इतके सहज येत की थोड्याच महिन्यांत माझ्याही तोंडी बसले. मला ते कधी नावानं हाक मारत नसत. मी 'बँकवाले' होतो, आणि शेवटपर्यंत बँकवालेच राहिलो.

घरात माणसं तीन. नाना, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी आणि वैधव्यानंतर माहेरी परत आलेल्या थोरल्या बहीणबाई, आक्का. मूलबाळ नव्हतं. वहिनी बोलायला गोड आणि कोपरखळीत पटाईत. दुपारचं गाणं सुरू झालं की मला जिन्यातून सांगत, "आमचे मोठे दीर आलेत हो विलायतेहून, जरा हळू चाला." आक्का काही बोलत नसत. गाणं चालू असताना त्या तिथेच बसून तांदूळ निवडत, आणि पुढे माझ्या लक्षात आलं की त्यांचं ऐकणं नानांपेक्षा कमी नव्हतं.

नानांना हे वेड लागलं ते तरुणपणी. एक लांब केसांचा इंग्रज एका हिवाळ्यात त्यांच्याकडे राहिला, आजारी पडून मायदेशी गेला आणि रेकॉर्डप्लेअर व दोन तबकड्या मागे सोडून गेला. त्या तबकड्या 'सॉल्ट क्लार्क्स' नावाच्या बँडच्या. म्हणजे मिठाचे कारकून. मी बँकेतला असल्यानं हे नाव मला फार आवडलं आणि मी त्यावरून नानांना पुष्कळ छळलं. त्यांनी ते हसत सोसलं. पण त्या बँडचा गाणारा, रॉबिन टार्न, त्याच्याबद्दल थट्टा चालत नसे. रॉबिनचं नाव निघालं की नाना तोंडातलं पान थुंकून येत. बनारसी माणूस पानाचा तोबरा भरला की एरवी हनुवटी वर करून खुणेनंच बोलतो, घराला आग लागली तरी. रॉबिनसाठी मात्र ताजं पान वाया गेलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

ऐकण्याचेही त्यांचे नियम होते. हात धुऊन तबकडी काढायची. बाजू अर्ध्यात सोडायची नाही. सुतकात ऐकायचं नाही. इंग्रजी त्यांना बेताचंच येई, पण रॉबिनचा एकेक श्वास त्यांना पाठ होता. कुठे तो दम चोरतो, कुठे ओळ संपली तरी सूर सोडत नाही, हे ते आधी बोट उचलून दाखवत आणि मग ते तसंच होई. एकदा मी म्हटलं, नाना, शब्द कळत नाहीत तर एवढं काय ऐकता. ते म्हणाले, "यजमानाला तरी श्राद्धातलं काय कळतं? पण रडतो की नाही बरोबर जागी?"

हा रॉबिन मी यायच्या बऱ्याच आधी नाहीसा झाला होता. कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर त्याचे बूट आणि कोट सापडले, तो सापडला नाही. बातमीचं कात्रण कुणा गोऱ्यानं नानांना आणून दिलं होतं. बँड फुटला. बाकीचे आपापल्या वाटेला लागले. नानांनी तेव्हापासून वर्षं मोजायला घेतली होती. नाहीशा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग त्याचा पुतळा करून दहन करायचं आणि पुढचं सगळं रीतसर करायचं, असा शास्त्रार्थ. काशीत असे पुतळे जळतात, त्यात नवल नाही. नानांनीच कितीतरी यजमानांसाठी हे केलं होतं. कुणाचा मुलगा, कुणाचा साधू झालेला बाप. "त्याच्या मुलखात कोण करणार?" ते मला म्हणाले. "बूट सापडले आणि लोक घरी गेले. असं कसं चालेल?"

मी आल्यानंतरच्या माघात बारा वर्षं भरली. गोत्र माहीत नसलं की काश्यप लावतात, तेव्हा रॉबिन टार्न काश्यपगोत्री झाला. नाना त्याचे पुत्र झाले. पळसाच्या देठांचा माणसाएवढा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ बांधला आणि आम्ही नावेनं गंगेपलीकडच्या वाळूत गेलो. सोबत मी आणि नावाडी, बस. दुपारची वेळ होती, ऊन पांढरंफेक होतं आणि पलीकडे सगळी काशी चित्रासारखी गप्प दिसत होती. मी मुळात गंमत पाहायला गेलो होतो. पण नानांनी त्या नारळावरून एकदा हात फिरवला, आजारी माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा, आणि माझी गंमत तिथेच संपली.

पुतळा पेटला. नाना पितरांची सूक्तं म्हणू लागले. ही सूक्तं घरच्या चौकात इतक्यांदा म्हटली जात की सुटीच्या दिवशी वरच्या मजल्यावर लोळत ऐकून ऐकून मलाही त्यांची चाल पाठ झाली होती. अर्थ नाही, चाल. वेद म्हणताना आवाज कुठे खाली उतरवायचा आणि कुठे वर न्यायचा हे ठरलेलं असतं, त्यात केसाइतका फरक चालत नाही. चुकलं तर मागे जाऊन पुन्हा म्हणावं लागतं. एका जागी आवाज खाली उतरायला हवा होता, तिथे नानांचा वर चढला. वर जाऊन जरा थरथरला आणि मग घाईघाईनं खाली आला. मी त्यांच्याकडे पाहिलं. धुरानं म्हणा की रडण्यानं म्हणा, त्यांचा गळा भरून आला होता. ते मागे गेले नाहीत. तसेच पुढे म्हणत राहिले.

नावेत बसल्यावर नानांनी गंगेत हात धुतले. मग म्हणाले, "एक स्वर चढला, बँकवाले. आजोबांनी शिकवल्यापासून त्या जागी कधी चढला नव्हता." मी म्हटलं, कोण ऐकायला होतं तिथे? त्यांनी मान वळवून मागच्या वाळूकडे पाहिलं.

दहाव्या दिवशी दुसरं विघ्न आलं. घाटाच्या पायऱ्यांवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. भिंतीवर ओळीनं बसले होते, माना वाकड्या करून पिंडाकडे पाहत होते आणि हलत नव्हते. अशा वेळी गेलेल्याची जी इच्छा राहिली असेल ती पुरी करू असा शब्द द्यायचा असतो. नानांनी तऱ्हेतऱ्हेचे शब्द दिले. तुझी गाणी ऐकत राहीन, तुझ्या तबकड्या जपेन. कावळे ढिम्म. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आलो. मी मागे वळून पाहिलं तर कावळे तसेच बसून होते. मला ते मुळीच आवडलं नाही, आणि दोनचार रात्री मला नीट झोप लागली नाही.

पुढची दोनेक वर्षं बरी गेली. नाना दुपारी ऐकत, पण आता गेलेल्या बापाच्या फोटोकडे पाहावं तसं, शांतपणे. दरवर्षी श्राद्ध करत. मग एके दिवशी उन्हाळ्यात गोदौलिया चौकातल्या कॅसेटवाल्यानं, मुन्नानं, भर रस्त्यात त्यांना हाक मारली. "गुरु, तोहार रॉबिनवा जियत हौ." तुमचा रॉबिन जिवंत आहे. सॉल्ट क्लार्क्सचा नवा अल्बम आला होता, आणि दिल्लीहून आलेल्या मालात त्याची एक कॅसेट मुन्नाच्या हाती लागली होती. रॉबिन इतकी वर्षं कुठल्याशा बेटावर मेंढ्या राखून होता म्हणे. एक दिवस स्वतःहून परत आला.

नाना घरी आले ते कॅसेट उपरण्यात गुंडाळून, आणि चपला न काढताच पायरीवर बसले. वहिनी घाबरल्या. मी खाली धावलो. त्यांनी कॅसेट मला दाखवली. वेष्टनावर नुसती वाळू, मागे पाण्याची रेघ, आणि वाळूत मधोमध एक काळा डाग. जळल्यासारखा. मी म्हटलं, समुद्रकाठी कुणी शेकोटी केली असेल. "हो, हो," नाना म्हणाले. मेल्याची बातमी आली की स्नान करतात. जगल्याची आल्यावर काय करतात ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तेच केलं.

दुपारी खिडक्या लावून घेऊन आम्ही चौघं ऐकायला बसलो. पहिल्या बाजूला नाना फक्त रसिक होते आणि मला हायसं वाटलं. ड्रमवाला नवा आहे, त्याला घरी जायची घाई आहे. पेटीसारखं जे यंत्र वाजतंय ते उगाच आहे. दुसरं गाणं उत्तम, जुन्या तोडीचं. तिसरं बेकार. कधी खुशीत मान हलत होती, कधी कपाळाला आठी पडत होती. आवडत्या माणसानं बऱ्याच वर्षांनी यावं आणि त्याची दाढी आपल्याला पसंत पडू नये, तसं चाललं होतं. मात्र एक गोष्ट मलाही जाणवली. रॉबिनचा आवाज पूर्वी खोलीत बसून गाणाऱ्या माणसाचा असे. आता तो शेजारच्या खोलीतून येत होता. आणि नाना जिथे जिथे बोट उचलत होते, तिथे श्वास येत नव्हता. सबंध बाजू झाली, श्वास कुठेच नव्हता. मी म्हटलं, हल्ली यंत्रं असतात, श्वास कापून टाकतात. आक्कांनी तांदळातून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं शब्दांचं नव्हतं. वाद्यं थांबली, आणि रॉबिन एकटा गुणगुणू लागला. तीनच सुरांत, खालीवर, खालीवर. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण ही चाल मला ठाऊक होती. नानांचा चेहरा पांढरा पडला. तीच सूक्ताची चाल. मी स्वतःला समजावत होतो की तीन सुरांत जगात किती चाली बसतील, आणि तेवढ्यात ती जागा आली. आवाज खाली उतरायचा तो वर चढला. वर जरा थरथरला. मग घाईघाईनं खाली आला.

कॅसेट संपून बटण वर उडालं. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. त्या पलीकडच्या वाळूत आल्या नव्हत्या, चूक त्यांनी ऐकली नव्हती, पण नवऱ्याचा चेहरा त्यांना वाचता येत होता. मी कसंबसं म्हटलं, योगायोग आहे नाना. नाना माझ्याकडे पाहत होते, आणि मला जी भीती त्यांच्या तोंडावर दिसेल असं वाटलं होतं तिच्या जोडीला तिथे दुसरंच काहीतरी होतं. लाजरा, न मावणारा आनंद.

"वीस-पंचवीस वर्षं मी ऐकतोय त्याला," ते म्हणाले. "त्यानं मला ऐकलं, बँकवाले. त्यानं मला ऐकलं."

त्या दिवसापासून घराचं घरपण गेलं. नानांना शास्त्र माहीत होतं, तेच त्यांच्या मुळावर आलं. जिवंत माणसाचं दहन करून ठेवलं तर तो धड जिवंत राहत नाही आणि धड मेलेलाही नसतो. असा माणूस परत आला तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपाच्या घागरीला गर्भ मानून त्याला त्यातून काढायचा, मग जातकर्म, बारसं, मुंज, आणि पुढे स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. शेवटचा भाग रॉबिनला कदाचित मानवणार नाही, असं मी म्हणून पाहिलं, पण कुणी हसलं नाही. मी विचारलं, तो माणूस सातासमुद्रापलीकडे, त्याला घागरीत घालणार कसा? "जायला पुतळा चालला, तर यायला कॅसेट का चालू नये?" नाना म्हणाले. "आवाज तर आहे तिच्यात."

मग करत का नाही, असं मी विचारलं नाही. कारण मला दिसत होतं. बारसं झालेल्या पोराला मागचं काही आठवत नाही. रॉबिन सुटला असता, पण त्या वाळूत कुणी आपल्याला हाक मारली होती, चुकत चुकत, रडत रडत, हे तो विसरला असता. नाना रोज म्हणत, चांगला दिवस पाहू. आणि रोज दुपारी आधीची सगळी गाणी सोडून तेवढं एकच लावत. बाजू अर्ध्यात सोडायची नाही हा नियम त्यांनी स्वतःच मोडला.

हळूहळू ती चूक त्यांच्या पठणात शिरली. चौकात यजमानाचं श्राद्ध चाललेलं असे आणि त्या जागी नानांचा स्वर वर चढे. यजमानाला काय कळणार? पण बरोबरीचे वैदिक एकमेकांकडे पाहू लागले, आणि मग त्यांनी नानांना मोठ्या अनुष्ठानांना बोलावणं सोडलं. नानांना त्याचं काही वाटत नव्हतं. ते वाळत चालले होते. वहिनींच्या तोंडची थट्टा पार आटली. मोठे दीर हा शब्द त्या घरात पुन्हा कुणी काढला नाही.

एका दुपारी मी वर पडलो होतो. खालून गुणगुणणं येत होतं. वीज गेली, माझा पंखा गरगरत थांबला. गुणगुणणं थांबलं नाही. नाना कॅसेटच्या जोडीनं म्हणत असणार, असं म्हणून मी कूस बदलली. पण ते फारच सारखं चाललं होतं, आणि मध्ये श्वास येत नव्हता. मी उठून खाली गेलो. टेपरेकॉर्डरचा लाल दिवा विझलेला. त्यात सेल घातलेले नसतात हे मला माहीत होतं. नाना समोर बसले होते आणि त्यांच्या तोंडात गालाला फुगा येईल एवढं पान होतं. असं पान तोंडात असताना माणसाला गुणगुणता येत नाही. त्यांनी हनुवटी वर केली आणि डोळ्यांनी मला विचारलं, ऐकलंत? मी दाराची चौकट धरून उभा होतो. बँकेत हिशेब लागला नाही की मी आधी माझी बेरीज तपासतो, म्हणून मी माझ्या कानांना दोष दिला. पण दुपारचं वर झोपणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

हे आक्कांनीही ऐकलं होतं. संध्याकाळी त्या देवापुढून उठल्या आणि भावासमोर येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"वासू, तू त्याला धड मरू दिलं नाहीस आणि आता धड जगूही देत नाहीस. लेकराला असं चौकटीत उभं करून ठेवतात का? तुझी हौस झाली, त्याचा जीव चाललाय. उद्या पाळणा काढ माळ्यावरचा."

नाना रडले. मग म्हणाले, "काढतो. पण नाव तू ठेव, आक्का. मला सांगू नकोस. मला माहीत असलं तर मी हाक मारीन."

पाळणा त्या घरात कधी हलला नव्हता. वहिनींनी तो आपल्या हातांनी पुसला. पितळेच्या घागरीत तूप घेऊन नानांनी कॅसेट तिच्यात टेकवून काढली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कारण शास्त्र झालं तरी टेप खराब व्हायला नको होती. जातकर्म केलं. मग कॅसेट दुपट्यात गुंडाळून पाळण्याखालून वहिनींनी दिली आणि वरून आक्कांनी घेतली, पुन्हा खालून, पुन्हा वरून. सुंठवडा होता, घुगऱ्या होत्या. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. नाना भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांवर हात ठेवून बसले होते. आक्कांनी पाळण्यात वाकून काहीतरी नाव सांगितलं, अगदी हळू, मलाही ऐकू आलं नाही, आणि रिवाजाप्रमाणे वहिनींनी त्यांच्या पाठीत धपाटा घातला. मग आक्का पाळणा हलवत राहिल्या. नानांना झालं म्हणून सांगायला त्यांच्या खांद्याला हात लावावा लागला.

कॅसेट आक्कांनी आपल्या पेटीत ठेवली. दुपारी गाणं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी चौकात श्राद्ध होतं. ती जागा आली आणि नानांचा स्वर अलगद खाली उतरला, आजोबांनी शिकवला होता तसा. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो. माझे डोळे भरून आले. वहिनींनी मला पाहिलं आणि पुष्कळ महिन्यांनी त्या हसल्या.

त्याच थंडीत माझी साताऱ्याला बदली झाली. पत्रं येत-जात राहिली, नेहमीचीच, सणावाराची. आक्का गेल्याचं वहिनींनी कळवलं. मग चारपाच वर्षांनी बँकेच्या तपासणीसाठी मला काशीला जावं लागलं आणि मी थेट बालाजी घाटावरच्या त्या घरी गेलो. नाना छान दिसत होते, अंगानं भरले होते. पुन्हा मोठमोठ्या अनुष्ठानांना जात होते. मला म्हणाले, चला बँकवाले, कचोरी खाऊन येऊ, साताऱ्यात तुम्हाला उपाशी मारत असतील. आम्ही गल्ल्यांतून निघालो. नाना प्रत्येक वळणावर कुणाशी तरी बोलत होते, कुणाची विचारपूस करत होते.

गोऱ्यांसाठी नवंच उघडलेलं एक कॉफीचं दुकान वाटेत लागलं. आत टेप चालू होती. मला पहिल्या सुरालाच कळलं. सॉल्ट क्लार्क्स. तोच अल्बम, तीच बाजू. मी नानांकडे चोरून पाहिलं. त्यांना दुसरीकडे न्यावं की काय, असा विचार माझ्या मनात आला. ते मात्र दुकानासमोर आपणहून थांबले, वितळत्या बर्फाच्या लादीला वळसा घालायला. वाद्यं थांबली आणि आत एकटा आवाज गुणगुणू लागला.

नानांनी क्षणभर कान दिला. मला वाटलं आता बोट वर जाईल. त्यांचा चेहरा अगदी मोकळा होता, कुठेही काही अडलेलं नव्हतं. ज्या डोळ्यांनी ते रस्त्यावरच्या कुणाकडेही पाहत, त्याच डोळ्यांनी ते माझ्याकडे वळले.

"कोण हो हा?" त्यांनी विचारलं. "गातो बरा."

त्यांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. कचोरी गार होईल म्हणाले आणि पुढे चालू लागले. विसरायचं होतं ते रॉबिननं, असं ठरलं होतं. मी दोन पावलं मागे राहिलो, कारण ती जागा जवळ येत होती. आतला आवाज तिथे वर चढला, थरथरला आणि घाईनं खाली आला. मग मागे गेला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.